वेकबोर्डिंगचे गुणांकन लहान मुलांना समजावून देताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीच्या दिवसांत मुलांसाठी आपण क्रीडाविषयक मजकूर छापता, त्यात एका विषयाची भर घालावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. काही खेळांचा निकाल घड्याळावर, मोजपट्टीवर किंवा गोलांवर ठरत नाही, तो परीक्षकांनी दिलेल्या गुणांवर ठरतो. हे गुण कसे दिले जातात, हे सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना कळेल अशा भाषेत कोणीतरी सांगायला हवे. पुण्यातील प्राथमिक शाळांत मी बरीच वर्षे खेळ शिकवले. अलीकडे मुले वेकबोर्डिंगच्या चित्रफिती मोबाइलवर फार आवडीने पाहतात आणि त्याविषयीच सर्वाधिक प्रश्न विचारतात, म्हणून उदाहरणादाखल तोच खेळ घेते.

या खेळात स्पर्धकाचे दोन्ही पाय एका फळीवर घट्ट बसवलेले असतात आणि हातात दोरीची मूठ असते. मोटरबोट त्याला साधारण ताशी ३५ किलोमीटरच्या वेगाने ओढत नेते. बोटीच्या मागे पाण्याला दोन तिरक्या लाटा पडतात. त्यांपैकी एका लाटेच्या चढावरून स्पर्धक हवेत उडतो, गिरकी किंवा कोलांटी घेतो, फळी हाताने पकडतो आणि पलीकडच्या लाटेच्या उतारावर उतरतो. काही ठिकाणी बोटीऐवजी डोक्यावरून जाणारी केबल स्पर्धकाला ओढते आणि पाण्यात उतरणी व दांडे बसवलेले असतात. २०२० च्या ऑलिम्पिकसाठी ज्या आठ खेळांचा विचार करायचा असे २०११ मध्ये ठरले, त्यांत वेकबोर्डिंगही होते. अखेरीस त्याला प्रवेश मिळाला नाही.

मुलांची अडचण निकालाच्या क्षणी सुरू होते. एकदाही न पडलेला स्पर्धक चौथा येतो आणि शेवटी पाण्यात आपटलेला दुसरा येतो, तेव्हा सात वर्षांचे मूल ताबडतोब म्हणते, ‘हे चीटिंग आहे.’ शेजारी बसलेले मोठे माणूस बहुधा म्हणते, ‘परीक्षकांना जे आवडलं, त्याला त्यांनी जास्त मार्क दिले.’ माझ्या मते याहून वाईट उत्तर नाही. गुण म्हणजे मर्जी, अशी समजूत त्या वयात एकदा बसली की पुढे ते मूल जिम्नॅस्टिक्सकडे, मल्लखांबाकडे, नृत्यस्पर्धेकडे आणि शाळेतल्या वक्तृत्वाकडेही त्याच नजरेने पाहते. हरले की पंच वाईट आणि जिंकले की पंच चांगले, एवढेच त्याला कळते.

मग सांगायचे कसे? सुरुवात वेकबोर्डिंगपासून करू नये, असे मला वाटते. वेकबोर्डिंगची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तीच वॉटर स्कीइंगचेही नियमन करते, आणि त्या खेळाचे तीन प्रकार पायऱ्यांसारखे वापरता येतात. पहिला प्रकार स्लॅलम. त्यात पाण्यावर तरंगणाऱ्या सहा गोळ्यांना वळसे घालायचे असतात आणि दर टप्प्याला काम कठीण होत जाते, कारण आधी बोटीचा वेग वाढतो आणि पुढे दोरी आखूड केली जाते. किती गोळे पार झाले, ते मोजले की निकाल मिळतो. दुसरा प्रकार उडीचा, म्हणजे उतरणीवरून झेप घ्यायची आणि अंतर मीटरमध्ये मोजायचे. तिसऱ्या, कसरतींच्या प्रकारात वीस-वीस सेकंदांच्या दोन फेऱ्या असतात, प्रत्येक कसरतीचे गुण तक्त्यात आधीच ठरलेले असतात आणि ती नीट झाली की नाही, एवढेच परीक्षक ठरवतात. येथपर्यंत मुले विनासायास येतात, कारण मोजणी त्यांच्या ओळखीची असते. त्यानंतर सांगावे की वेकबोर्डिंगमध्ये असा ठरलेला तक्ता नाही आणि परीक्षकांना संपूर्ण फेरी एकत्र पाहून विचार करावा लागतो. अशा क्रमाने गेल्यास ‘मग ते ठरवतात कसं?’ हा प्रश्न मूल स्वतःहून विचारते, आणि मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या लक्षात राहते.

ते उत्तर तीन प्रश्नांत सांगता येते. नीट झाले का? मोठे आणि कठीण होते का? वेगवेगळे होते का? परीक्षक सफाई, जोम आणि मांडणी या तीन अंगांनी फेरी पाहतात, त्याचेच हे मुलांच्या भाषेतले रूप आहे. सफाईत स्पर्धक उतरताना डगमगला का, त्याचा हात किंवा पाठ पाण्याला लागली का, फळी खरोखर पकडून ठेवली की नुसता स्पर्श करून सोडली, हे पाहायचे. जोम म्हणजे उडी किती उंच गेली, पलीकडच्या लाटेच्या पुढे पोहोचली की मधल्या सपाट पाण्यातच आदळली, आणि केलेली गोष्ट मुळात किती अवघड होती. मांडणीत एकच गिरकी पुन्हा पुन्हा घेतली की डावीकडून, उजवीकडून, सरळ आणि उलट्या पायाने अशी विविधता दाखवली, आणि एका कसरतीतून दुसरीकडे जाण्यात ओघ होता का, हे येते.

माझा आग्रह असा की लहान मुलांवर हे तीनही प्रश्न एकदम टाकू नयेत. चित्रफितीचा आवाज बंद करावा, कारण समालोचकाचा उत्साह मुलांचे मत आधीच ठरवून टाकतो. मग मुलांचे तीन गट करावेत आणि प्रत्येक गटाला एकच प्रश्न द्यावा. ‘नीट’वाल्या गटाने फक्त उतरणे पाहायचे, ‘मोठे’वाल्यांनी फक्त उडी पाहायची, आणि तिसऱ्या गटाने कोणती गोष्ट दुसऱ्यांदा आली, तेवढेच टिपायचे. सहा वर्षांचे मूल एका वेळी एका गोष्टीकडे अतिशय बारकाईने पाहू शकते, कित्येकदा आपल्यापेक्षाही बारकाईने. तिघांची मते एकत्र केली की पडलेला स्पर्धक दुसरा का आला, हे कोणी न सांगता उलगडते. ज्या कसरतीत तो पडला, तिचे श्रेय त्याला मिळाले नाही. पण त्याआधी त्याने केलेल्या उड्या उंच, अवघड आणि एकमेकींपासून वेगळ्या होत्या, तर न पडलेल्याने सोप्या उड्या सांभाळून केल्या होत्या. नियमांत ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत पडणे चालते आणि बोट वळून येऊन स्पर्धकाला पुन्हा दोरी देते, हे कळले की मुलांना विशेष आनंद होतो, असा माझा अनुभव आहे.

शंभर गुणांचा घोळ मात्र स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. वेकबोर्डिंगमध्ये साधारणपणे शंभरपैकी गुण दिले जातात आणि आपल्या मुलांना शंभर म्हटले की परीक्षेची गुणपत्रिका आठवते. साठ गुण मिळाले म्हणजे चाळीस चुका झाल्या, असे ती समजतात. येथे साठ हा आकडा त्या गटातील इतर स्पर्धकांच्या तुलनेत, त्या दिवशीच्या पाण्यावर आणि वाऱ्यात स्पर्धक कुठे बसतो, हे सांगतो. स्पर्धकांचा क्रम बरोबर लागावा, हे परीक्षकांचे मुख्य काम असते. त्यामुळे एका गटातला साठ आणि दुसऱ्या गटातला साठ यांची तुलना करू नये, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे.

यानंतर मैदानात दोरीच्या उड्यांची स्पर्धा घेऊन मुलांनाच परीक्षक करावे. पाच जणांना एकमेकांचे न पाहता आकडे लिहायला सांगितले की ते वेगवेगळे येतात आणि एखादा मित्राला दहापैकी दहा देऊन टाकतो. अशा वेळी रागावू नये. सर्फिंगमध्ये सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा बाजूला ठेवतात, वैयक्तिक डायव्हिंगमध्ये सातपैकी वरचे दोन आणि खालचे दोन वगळून उरलेल्या तिघांची बेरीज काठिण्यांकाने गुणतात, हे तेव्हा सांगावे आणि मुलांकडूनही तसेच करून घ्यावे. परीक्षकांचे मतभेद ही लबाडी नव्हे आणि त्यांसाठी नियमांनी आधीच सोय केलेली असते, हे मुले त्या बेरजेतून शिकतात. हे सारे जमिनीवर करायचे आहे, हेही बजावून सांगते. चित्रफीत पाहून खडकवासला किंवा पानशेतच्या पाण्यात फळी घेऊन उतरण्याचा मोह कोणत्याही वयाच्या मुलाला होऊ देऊ नये.

पुण्याला हा विषय परका नाही. मल्लखांबाची परंपरा पेशवाईतील बाळंभटदादा देवधरांपर्यंत मागे जाते आणि आजही शहरात मल्लखांब शिकणारी मुले गल्लोगल्ली भेटतात. अवघडपणा आणि सफाई यांचा तोल त्यांना अंगाने ठाऊक असतो. तरीही २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सच्या व्हॉल्ट प्रकारात दीपा कर्माकर १५.०६६ गुणांसह चौथी आली आणि कांस्यपदक १५.२१६ गुणांना गेले, तेव्हा ‘तिने तर सर्वांत अवघड उडी मारली होती’ असे हळहळणारे पुष्कळ भेटले. त्या प्रोदुनोवा उडीला काठिण्याचे ७.० गुण होते, सफाईचे १० पैकी ८.२६६ मिळाले आणि अंतिम आकडा दोन उड्यांच्या सरासरीचा होता, हे समजावून सांगणारे फार थोडे होते. दीपाची कामगिरी किती मोठी होती, हे त्या आकड्यांतूनच अधिक कळते.

म्हणून विनंती अशी की परीक्षकांनी ठरवलेल्या खेळाचा निकाल छापताना त्याशेजारी एक लहान चौकट द्यावी आणि गुण कशाकशाचे होते, ते चार-पाच सोप्या वाक्यांत सांगावे. असे नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा ते कोणत्या वर्षीचे आहेत, हेही नोंदवावे. मजकूर छापण्यापूर्वी मल्लखांबाच्या किंवा जिम्नॅस्टिक्सच्या एखाद्या अनुभवी परीक्षकाकडून तो वाचून घ्यावा, आणि शक्य झाल्यास तिसरी-चौथीतल्या एका मुलाकडूनही. त्याला जे वाक्य अडेल, ते बदलावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
सहकारनगर, पुणे