पेत्राचे पाय

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. मी चार वेळा उत्तर लिहायला बसलो. पहिली ओळ ठीक येते, दुसरीला अक्षर बारीक होतं, आणि पाचव्या ओळीपर्यंत शाईत बुडालेली मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखं दिसतं. चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं ते शेवटच्या बाकावरच्या मुलालाही वाचता यावं म्हणून. आता माझं मलाच वाचता येत नाही. म्हणून आज मी सांगतोय आणि नात लिहून घेतेय. बायबलमधलं रोमकरांस पत्र पौलानेही तर्तिय नावाच्या लेखनिकाकडून लिहवून घेतलं होतं, आणि त्या तर्तियाने शेवटी आपला स्वतःचा सलाम त्यात घातलाय. तेव्हा नातीचाही तुला नमस्कार.

मला पार्किन्सन्स झालाय हे तुला फोनवर कळवलं होतं, पण आजार नेमका काय ते सांगायचं राहिलं. मेंदूत खोलवर काळसर रंगाचा एक लहानसा भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सहज होतात. त्या पेशी हळूहळू मरत जातात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. निवृत्तीच्या आधीच मला वास येईनासे झाले होते आणि मी सर्दी म्हणून सोडून दिलं होतं. ती या आजाराची चाहूल असू शकते, असं डॉक्टर नंतर म्हणाले. जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने 1817 साली या कंपाचं वर्णन लिहिलं. दोनशे वर्षं उलटून गेली तरी त्याला मुळापासून बरं करणारं औषध नाही. लेव्होडोपाची गोळी आहे, ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची, कारण प्रथिनांमुळे ती नीट लागू पडत नाही. गोळी लागू पडली की अंग सैल होतं. तिचा जोर ओसरला की पुन्हा लाकूड.

सगळ्यात विचित्र प्रकार दारात होतो. चालता चालता उंबऱ्याशी आलो की पाय जमिनीला खिळतात. पुढे जायचंय हे डोक्याला कळतं, पायाला कळत नाही. फिजिओथेरपीच्या बाईंनी ताल धरायला सांगितला. तेव्हापासून मी मनातल्या मनात उपासनेतलं एखादं गीत सुरू करतो आणि समेवर पाऊल उचलतो. पाऊल उचललं जातं. लहानपणी आपण दोघं मागच्या बाकावर बसून जी गीतं म्हणायचो, त्यांच्या आधाराने मी आता या खोलीतून त्या खोलीत जातो. उपासनेत प्रभुभोजनाची भाकरी घ्यायला पुढे जातानाही तेच.

आता तू लिहिलंस त्याबद्दल. हृदयाची ताकद कमी झाल्यापासून मुलगा तुला आंघोळ घालतो, आणि पहिल्या दिवशी त्याने पाठीवरून हात फिरवला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं तू लिहिलंयस. ती ओळ मी हिला वाचून दाखवली नाही. मला ती जशीच्या तशी कळली म्हणूनच.

माझ्याकडे ते शर्टाच्या बटणांवरून सुरू झालं. वरचं बटण लावायला मला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळात बघत होतो. बटण काजापर्यंत न्यायचो, बोट थरथरायचं, ते निसटायचं. ही दारात उभी होती. ती पुढे आली तेव्हा मी तिचा हात झटकला. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिच्यावर कधी हात उगारला नाही आणि तिचा हात कधी झटकलाही नव्हता. ती काही बोलली नाही, आत गेली. मी तसाच उघड्या गळ्याने उपासनेला गेलो.

त्या दिवशी वचन योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातलं होतं. प्रभू येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, तो प्रसंग मी मुलांना किती वेळा शिकवला असेल! दर वेळी एकच सांगितलं, प्रभूने पाय धुतले तसे आपणही दुसऱ्याचे धुवावेत. खरंच आहे ते. पण त्या रात्री पेत्र या शिष्याला पाय धुणं जड गेलं नव्हतं, पाय पुढे करणं जड गेलं होतं. तू माझे पाय कधीही धुवायचे नाहीत, असं तो साफ म्हणाला. आणि प्रभूने उत्तर दिलं, मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. मी आयुष्यभर पंचा कमरेला बांधणाऱ्याच्या जागी स्वतःला बघत आलो. बाकावर बसलेल्या पेत्राच्या जागी मी कधी बसलोच नव्हतो.

त्याच शुभवर्तमानात शेवटी पेत्राला पुन्हा सांगितलंय की तू म्हातारा होशील तेव्हा हात पसरशील, दुसरा कोणी तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिकडे नेईल. हे पेत्राच्या मरणाविषयी होतं असं योहानाने तिथेच स्पष्ट केलंय, तेव्हा ते ओढूनताणून मी स्वतःला लावून घेत नाही. पण त्यापुढचा शब्द बघ. ‘माझ्यामागे ये.’ दुसऱ्याने कंबर बांधली म्हणून मागे जाणं थांबत नाही. आणि ज्याच्या मागे जायचं त्यालाही त्या रस्त्यावर एकट्याने वधस्तंभ वाहवला नव्हता. तो उचलायला कुरेनेकर शिमोनाला धरून आणावं लागलं. तहान लागली तेव्हा दुसऱ्या कोणाच्या हाताने त्याच्या ओठाला स्पंज लागला.

घरी आल्यावर मी हिच्यासमोर गळा पुढे केला. तिने बटण लावलं. सकाळी झालेल्या प्रकाराविषयी दोघंही बोललो नाही, पण तिची बोटं माझ्या हनुवटीला लागली तेव्हा मला रडू आलं. आता रोज सकाळी ती बटणं लावते, तेवढा वेळ मी मान वर करून उभा राहतो. काही दिवस अजूनही जड जातं.

विश्वास कमी पडतोय का, असं तू विचारलंस. मलाही ते एकाने तोंडावर सांगितलं, आणि तेही प्रार्थना करून झाल्यावर. मी दुखावलो, खोटं कशाला बोलू. मग शास्त्रात शोधलं. शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढं उत्तर मिळालं. त्रफिम या सोबत्याला तो मिलेत शहरात आजारी सोडून पुढे गेला. त्याचा दुसरा सोबती तीमथ्य, त्याच्या पोटाच्या तक्रारी वारंवार चालूच होत्या. यांच्या विश्वासात काय खोट होती? मीही बरं होण्यासाठी प्रार्थना करतो. वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना केली, ती मी मनापासून मागितली होती. हात अजून थरथरतो. देवाशी तक्रार करावीशी वाटली तर कर. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि ते तसंच शास्त्रात ठेवलंय.

रात्री मला भीती वाटते ती मरणाची नाही. या आजारात पुढे काही जणांची स्मृतीही जाते. हिचं नाव विसरलो तर? प्रभूचं नाव विसरलो तर? तीन वाजता जाग येते तेव्हा हाच प्रश्न उशाशी असतो. त्या वेळी मी यशयाचा सेहेचाळीसावा अध्याय धरून बसतो. बाबेलच्या बेल आणि नबो या देवांना जनावरांच्या पाठीवर लादून न्यावं लागतं, जनावरं त्या ओझ्याने वाकतात. इस्राएलाचा देव उलट सांगतो, तुमचे केस पिकेपर्यंत मीच तुम्हाला वाहीन. वाहणारा तो आहे. मला आठवलं नाही तरी त्याची पकड माझ्या आठवणीवर टांगलेली नाही. एवढं मनाशी घोळवलं की झोप लागते. कधी लागतही नाही, तेव्हा हिच्या श्वासाचा आवाज ऐकत पडून राहतो.

तुझा मुलगा आंघोळ घालताना काही बोलतो का? त्याला विचार, त्याला काय वाटतं ते. तो लहान असताना तू त्याला दोन्ही पायांवर आडवा घेऊन अंघोळ घालायचास, मी बघितलंय. साबण डोळ्यात गेला की किती ओरडायचा तो!

जिना चढताना धाप लागते की झोपल्यावरही लागते, ते पुढच्या पत्रात स्पष्ट लिही. पायाला सूज असेल तर डॉक्टरांपासून लपवू नकोस. तुला लपवायची सवय आहे.

इथून पुढे मी स्वतः लिहितोय. नातीने दुरेघी वही दिलीय आणि दोन्ही रेघांना टेकेल एवढं मोठं अक्षर काढायचं अशी ताकीद आहे. फिजिओथेरपीच्या बाईही तेच सांगतात. गलतीकरांस पत्राच्या शेवटी पौल म्हणतो ना, बघा मी स्वतःच्या हाताने केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहितोय. या चार ओळींना अर्धा तास लागला. तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतो, सकाळी, बटणं लावून झाल्यावर.

तुझाच,
मागच्या बाकावरचा सोबती