चाड्यावरची मूठ

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या पप्पांबरोबर देवणीकडं बैल बघायला गेले होते. बैलाचं काही जमलं नाही. पण येताना पप्पांच्या ओळखीचे एक शेतकरी भेटले, ते आग्रहानं घरी घेऊन गेले. त्यांनी शेताच्या कडेला पत्र्याचं मोठं शेड मारलंय आणि त्यात जुने ट्रॅक्टर, नांगर, वखर, मोट असं सगळं मांडून ठेवलंय. भंगारवाल्याच्या काट्यावरून परत आणलेल्या वस्तू आहेत त्यात. बघताना तुझी फार आठवण आली गं, म्हणून आज बसून लिहिते.

दारातच जुना आयशर आहे. देशात बांधलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादला निघाला, तो याच कंपनीचा. हा पुढच्या काळातला. एकच सिलिंडर, तेही हवेनं थंड होणारं. त्यांनी चालू करून दाखवला तेव्हा डुग डुग आवाजानं पत्रे हादरले. शेजारी स्वराज ७२४ आहे. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्याच इंजिनिअरांनी त्याचा आराखडा केला आणि १९७४ मध्ये तो बाजारात आला. हे तू शिकलीच असशील, तरी लिहिते. पप्पा मात्र एचएमटीपाशी गेले ते हललेच नाहीत. लग्नाआधी दुसऱ्याच्या एचएमटीवर रोजानं जायचे ना ते. स्टिअरिंगवर हात ठेवून किती वेळ नुसते बसले होते.

किर्लोस्करांचा लोखंडी नांगरही आहे. लक्ष्मणरावांनी १९०३ मध्ये बेळगावला तो केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून लोक घ्यायला तयार नव्हते म्हणे.

पण मी थांबले ती तिफणीपाशी. बाभळीची तिफण, तीन फण, तीन नळे आणि वर लाकडाचं चाडं, म्हणजे बी सोडायची भोकं असलेली वाटी. चाड्याचा काठ एका बाजूनं इतका गुळगुळीत झालेला की बोट घसरावं. तिथं मनगट टेकतं, ताई. वर्षानुवर्षं कुणा बाईचं मनगट टेकून तो काठ झिजलाय. आणि पाटीवर लिहिलं होतं, ‘पेरणीचे औजार. बैलजोडी व एक माणूस.’

मी त्यांना म्हटलं, भाऊ, माणूस कासरा धरून औत हाकायचा, पण पेरायची बाई. त्यांनी लगेच खिशातला पेन काढला आणि पाटीवर ‘व एक बाई’ असं लिहिलं. मला खरंच भरून आलं.

चौदाव्या वर्षी मी चाड्यावर मूठ धरली. हस्ताच्या पावसावर ज्वारीची पेरणी होती. ओटीत बी, मागं मोघ्यावर, म्हणजे तिफणीला बांधलेल्या वेगळ्या नळ्यावर, काकू करडई सोडायची. मूठ उलटी धरायची, अंगठ्यानं दाणा सरकवत राहायचा आणि बैलाच्या चालीवर हात चालवायचा. बैल रेंगाळले तर हातही सावकाश. मूठ आवळली की नांगे पडतात, म्हणजे मधे जागा मोकळी राहते, सैल सुटली की दाट होतं. त्या दिवशी रस्त्यानं एसटी गेली आणि माझं लक्ष तिकडं गेलं. आठ दिवसांनी उगवण झाली तर पाच-सहा पावलं रान मोकळं. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. खुरपं घेऊन उकिडवे बसले आणि ते नांगे स्वतः भरले. पुन्हा कधी माझी नजर चाड्यावरून हलली नाही.

आणि खरी गोष्ट पुढं आहे. ओल जास्त असली की फणात चिखल बसतो, नळा तुंबतो. मग चाड्यातल्या त्या भोकाशी बी साचायला लागतं, ते डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. मी “हो हो” ओरडायची, अण्णा बैल थांबवायचे, काडीनं नळा मोकळा करायचे. चार पावलांच्या आत.

गेल्या जूनमध्ये आपलं सोयाबीन ट्रॅक्टरनं पेरलं, आठवतं? एक नळी तुंबली होती. चालवणारा पोरगा पुढं बघत होता, मागं बी सोडणारी चकती फिरत होती, बी काही पडत नव्हतं. जाता-येता बांधापासून बांधापर्यंत दोन ओळी कोऱ्या गेल्या आणि आपल्याला कळलं ते उगवल्यावर. त्या पोराला मी दोष देत नाही, एका माणसानं पुढंही बघायचं आणि मागंही, ते होत नाही. पण मागचा हात निघून गेला आणि त्याच्या जागी ओरडणारं कुणी बसवलंच नाही.

तू परभणीला पेरणी यंत्राचाच प्रोजेक्ट घेतलायस. चकतीला किती भोकं हवीत, सोयाबीनचं नाजूक साल फुटू नये म्हणून काय करावं, हे तुझे सर सांगतील. नळी तुंबल्याचं चार पावलांत कसं कळेल, ते तू शोध. घंटी वाजू दे, दिवा लागू दे, तुला जमेल ते कर.

आज्जीचं चाडं माळ्यावर होतं. काल काढलं, पुसून तेल लावून ठेवलंय. येळवशीला, वेळ अमावास्येच्या सणाला, येतेस ना? भज्जी आणि आंबील आहेच. जेवणं झाली की खोपीशेजारी बसू, पायलीभर ज्वारी घेऊन. मी मूठ सोडून दाखवते, तू मोजून लिहून घे. वही आण, आणि तो मोजायचा छोटा काटाही आण.

तुझी,
आई