छायाचित्राबरोबर खोलीचे मापही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पर्यटनविषयक पानांवर अलीकडे स्थळवर्णनासोबत तिथल्या घरांच्या, हॉटेलांच्या आणि जुन्या हवेल्यांच्या अंतर्भागांची सुरेख छायाचित्रे येऊ लागली आहेत आणि ‘असा कोपरा आपल्याही घरात करता येईल’ अशा आशयाची ओळ बऱ्याचदा त्यांच्याखाली असते. या बदलाचे मी मनापासून स्वागत करते. मात्र गृहसजावट हाच माझा व्यवसाय असल्याने या छायाचित्रांचा पुढचा प्रवासही मला दिसतो. कात्रण म्हणून जपलेली किंवा वाचकाने स्वतःच्या सहलीत मोबाइलवर टिपलेली अशी छायाचित्रे माझ्यासमोर ठेवली जातात आणि ‘आम्हाला अगदी हेच हवे’ असे सांगितले जाते. तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो की खिडकी कोणत्या दिशेला होती, आणि त्याचे उत्तर क्वचितच मिळते. ती खोली पाहताना मन का प्रसन्न झाले, याचे कारण बहुधा चौकटीबाहेर राहिलेले असते. ते कारण कसे शोधावे आणि आपल्या पानांनी त्यासाठी काय करावे, याविषयी हे पत्र आहे.

सर्वांत आधी उजेडाविषयी लिहिते, कारण सर्वाधिक फसगत तिथेच होते. ग्रीसच्या सायक्लेडीस बेटांवरची पांढरीशुभ्र घरे सर्वांना ठाऊक आहेत. तिथल्या जाड भिंती, लहान खिडक्या आणि चुन्याची सफेदी ही प्रखर सूर्याला दिलेली उत्तरे आहेत. बाहेर लख्ख ऊन असते, ते अंगणातून आणि समोरच्या भिंतीवरून परावर्तित होऊन आत येते, म्हणून आतला पांढरा रंग जिवंत दिसतो. तोच पांढरा रंग उत्तरेकडे तोंड असलेल्या आणि समोर दुसरी इमारत असलेल्या खोलीत लावला, तर तो राखाडी व उदास दिसतो आणि रंगाची छटा चुकली असे समजून माणसे पुन्हा रंगकाम काढतात. भर उन्हात उघड्यावर सुमारे एक लाख लक्स (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) प्रकाश असतो, तर घरातल्या बैठकीच्या खोलीत संध्याकाळी दिव्यांचा प्रकाश शंभर-दोनशे लक्सच्या आसपास असतो. इतक्या तफावतीत एकाच रंगाने एकसारखे दिसावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यातच मोबाइलचा कॅमेरा रंगांचा समतोल आपणहून बदलतो. पिवळसर उजेडातली भिंत तो पांढरी करून दाखवतो आणि अंधाऱ्या कोपऱ्याला उजळवतो. म्हणून रंग आवडला तर शक्य असल्यास एक पांढरा कागद भिंतीला लावून मगच छायाचित्र घ्यावे. कागद किती पिवळा किंवा निळसर दिसतो, यावरून तिथल्या उजेडाचा बऱ्यापैकी अंदाज घरी परतल्यावरही करता येतो.

मेक्सिको सिटीतील वास्तुकार लुईस बारागान यांचे १९४८ साली बांधलेले राहते घर या दृष्टीने फार शिकवणारे आहे. युनेस्कोने २००४ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्या घराची गुलाबी भिंत जगभर नकलली गेली आहे, परंतु ती भिंत येण्यापूर्वी एक अरुंद, मंद उजेडाची वाट आहे, हे नक्कल करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. रस्त्यावरून आलेल्या माणसाचे डोळे त्या वाटेत निवतात, पुढे जिन्याशी लावलेला सोनेरी वर्खाचा फलक वरून येणारा प्रकाश खाली परतवतो आणि मग तो गुलाबी रंग समोर येतो. रस्त्याच्या बाजूने हे घर इतके साधे आहे की आत काय असेल याची कल्पनाही येऊ नये. रंगाच्या डब्यावरचा क्रमांक जुळवला, तरी डोळ्यांची ही तयारी जुळत नाही. ज्यांच्या घरात दारातून थेट बैठकीत प्रवेश होतो, त्यांनी या घरापासून काही घ्यायचेच असेल, तर प्रवेशाजवळचा उजेड थोडा कमी ठेवण्याची युक्ती घ्यावी. तिला खर्चही फारसा लागत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. जपानमध्ये खोलीचा आकार तातामी या चटयांच्या संख्येवर सांगतात आणि एका चटईची लांबी तिच्या रुंदीच्या दुप्पट असते. क्योटोकडची चटई साधारण १९१ सेंटिमीटर लांब आणि ९५.५ सेंटिमीटर रुंद, तर टोकियोकडची साधारण १७६ बाय ८८ सेंटिमीटर असते. त्यामुळे सहा चटयांची खोली क्योटोत जवळजवळ अकरा चौरस मीटरची आणि टोकियोत सव्वानऊ चौरस मीटरच्या आसपास भरते. ‘जपानी पद्धतीची खोली’ एवढेच वर्णन घेऊन आलेल्या माणसाला हा फरक कळत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की त्या खोलीची सारी मापे जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची आहेत. खिडकीचा खालचा काठ, बागेकडे उघडणारी सरकती दारे, भिंतीतल्या कोनाड्यात टांगलेल्या चित्राची उंची, हे सर्व बसल्या जागेवरून पाहण्यासाठी आहे. त्याच खोलीत पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीची खुर्ची ठेवून बसले, की दृष्टी वर सरकते आणि सारी रचना ठेंगणी व कोंदट वाटू लागते. जपानी खोलीचे छायाचित्र दाखवून त्यात उंच पाठीचा सोफा मागणाऱ्यांना मी हे समजावण्याचा प्रयत्न करते, पण स्वतः त्या उंचीवर बसून पाहिल्याशिवाय ते पटत नाही.

म्हणून माझी विनंती अशी की प्रवासात एखादी खोली आवडली, तर तिथे आधी बसावे आणि शक्य असेल तर आडवेही व्हावे. फिनलंडमधील पाइमिओ येथील आरोग्यधाम १९३३ मध्ये पूर्ण झाले. वास्तुकार आल्वार आल्टो यांनी तिथल्या खोल्या दिवसभर पडून राहणाऱ्या रुग्णाच्या नजरेने आखल्या होत्या. छताला शांत हिरवा रंग दिला होता आणि पाणी पडताना आवाज होऊ नये, अशा बेताने हात धुण्याची भांडी घडवली होती. उभ्या उभ्या खोली पाहून पुढे जाणाऱ्या प्रवाशाला यातले काही दिसणार नाही. खिशात छोटा टेप असावा हे उत्तम. नसेल तर स्वतःची वीत आणि पाऊल किती सेंटिमीटरचे आहे, हे निघण्यापूर्वी मोजून लक्षात ठेवावे. खिडकीचा काठ जमिनीपासून किती वर आहे, बाक किती खोल आहे, दिवा टेबलाच्या किती वर टांगला आहे, अशी तीन-चार मापे वहीत असली, तर शंभर छायाचित्रांपेक्षा सुताराला त्यांचा अधिक उपयोग होतो.

प्रवासातून कसे उचलावे याचे दाखले थोरामोठ्यांच्या कामात आहेत. पुढे विख्यात वास्तुकार झालेला ल कॉर्बुझिए १९०७ मध्ये, विशीचाच असताना, फ्लॉरेन्सजवळच्या एमा येथील मठात गेला. तिथे प्रत्येक साधूला छोटेसे स्वतंत्र घर, त्याला जोडून स्वतःची बाग, समोर मोकळे दृश्य आणि सर्वांना जोडणारा सामाईक ओवरीचा मार्ग होता. एकांत आणि सहवास यांची ही सांगड त्याच्या मनात आयुष्यभर राहिली आणि १९५२ मध्ये पूर्ण झालेल्या फ्रान्समधील मार्सेय येथील निवासी इमारतीत ती दिसते. त्या ३३७ घरांपैकी बहुतेकांना स्वतःचा खोल सज्जा आहे आणि सामाईक वापराच्या जागा इमारतीतच आहेत. मठाची एक कमान किंवा एक खांबही त्याने उचलला नाही. शिल्पकार इसामु नोगुची १९५१ मध्ये जपानातील गिफू येथे थांबला, तेव्हा बांबूच्या कामट्या आणि तुतीच्या सालीचा कागद यांपासून कंदील करण्याची तिथली पारंपरिक कला त्याने पाहिली. त्यातून त्याचे ‘अकारी’ नावाचे कागदी दिवे जन्मले. मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा आला, आकार नवे आले, परंतु कागदातून गाळून येणारा सौम्य उजेड, हलकेपणा आणि घडी घालून ठेवण्याची सोय तशीच राहिली, आणि दिवे घडवण्याचे काम गिफूच्याच कारागिरांकडे राहिले. फ्रेंच फर्निचररचनाकार शार्लोट पेरियाँ १९४० मध्ये जपानला गेल्या, तेव्हा १९२८ साली सहकाऱ्यांसह पोलादी नळ्यांत घडवलेली आरामखुर्ची त्यांनी बांबूत पुन्हा साकारली. तिथे त्या काही घेण्यासाठी गेल्याच नव्हत्या, त्या सल्लागार म्हणून बोलावल्या गेल्या होत्या, तरी तिथल्या कारागिरांच्या हाताने त्यांच्या स्वतःच्या वस्तूला नवे रूप दिले. या तिन्ही ठिकाणी घेणाऱ्याने आधी पाहिलेल्या गोष्टीमागचे तत्त्व जाणून घेतले होते.

साहित्याच्या बाबतीत हे जाणणे आणखी निकडीचे असते. मोरोक्कोतील मराकेशच्या हमामखान्यांतील मऊ, चमकदार भिंती ज्या ताडेलाक्त गिलाव्याच्या असतात, तो त्या परिसरातल्या चुन्याचा गिलावा आहे. तो गुळगुळीत दगडाने घोटून घोटून दाबतात आणि मग ऑलिव्ह तेलाचा साबण चोळतात. साबण आणि चुना यांच्या संयोगाने पृष्ठभाग पाणी परतवू लागतो. त्या भिंतीचे सौंदर्य म्हणजे ती घोटाई आहे, आणि नुसत्या तशा रंगाचा डबा आणून ती मिळत नाही. तमिळनाडूतील कारैकुडीजवळच्या आतंगुडी गावच्या फरश्याही अशाच आहेत. काचेच्या तुकड्यावर साचा ठेवून रंगीत सिमेंट हाताने ओततात, मागून वाळू-सिमेंटचा थर देतात आणि फरशी पाण्यात मुरवतात. भट्टी कुठेच नसते. काचेला चिकटून सुकलेली बाजू गुळगुळीत निघते आणि पुढे वापराने व पुसण्याने ती अधिक उजळते. अशी फरशी आवडली तर ती घरी जरूर लावावी, पण ती सिमेंटची असल्याने आम्लयुक्त द्रावणाने खराब होते, हे आधी जाणून घ्यावे. अशी माहिती देणारा उत्तम माणूस म्हणजे ती खोली रोज झाडणारा-पुसणारा. मालकाला किंवा वाटाड्याला विचारण्याऐवजी त्याला विचारावे.

याच कारणाने हॉटेलातील खोल्यांचे अनुकरण मी सावधपणे करायला सांगते. तिथे दोन रात्रींचे सामान असते आणि आवरणारे हात दुसऱ्याचे असतात. पलंगाशेजारच्या बटणांची जागा, सामान ठेवण्याच्या फळीची उंची, न्हाणीघरातला उतार या गोष्टी तिथून जरूर शिकाव्यात. उघडी कपाटे आणि पांढरे गालिचे तिथेच राहू द्यावेत.

जुन्या वस्तूंविषयी मात्र मला कळकळीने लिहायचे आहे. कारैकुडीच्या परिसरातील चेट्टिनाड भागातल्या हवेल्यांचे ब्रह्मदेशी सागाचे खांब, कोरीव दरवाजे आणि चौकटी जुन्या वस्तूंच्या बाजारात सुट्या विकल्या जातात, कारण वारसांना पडकी हवेली सांभाळण्यापेक्षा ती मोडून विकणे सोपे पडते. आपण खरेदी केलेला प्रत्येक दरवाजा कुठल्या तरी भिंतीतून निघालेला असतो. श्रीलंकेचे वास्तुकार जेफ्री बावा यांनी कोलंबोतील आपल्या घरात चेट्टिनाडचे खांब वापरले आहेत, हे मला ठाऊक आहे आणि ते घर मला अतिशय प्रिय आहे. पण त्या घराचा प्राण आहे तो ओळीतली चार छोटी घरे जोडून केलेल्या लांब मार्गात मध्ये मध्ये आकाश उघडे ठेवण्याच्या कल्पनेत, आणि ती कल्पना कोणाचीही भिंत न पाडता नेता येते. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने निर्बंध आहेत, इतर अनेक देशांतही असे कायदे आहेत. परंतु देशातल्या देशात होणारी ही मोडतोड थांबवणे मुख्यत्वे ग्राहकाच्याच हाती आहे. त्याऐवजी त्याच गावातल्या आजच्या सुताराकडून नवे काम करवून घ्यावे, म्हणजे हवेलीही राहते आणि हातही राहतात.

ज्यांना दूरच्या घरांत प्रवेश मिळत नाही, त्यांनी संग्रहालय म्हणून जपलेली घरे पाहावीत. स्टॉकहोममधील स्कान्सेन १८९१ मध्ये सुरू झाले आणि तिथे ठिकठिकाणची घरे मुळासकट आणून उभी केली आहेत. चेन्नईजवळचे दक्षिणचित्र १९९६ पासून दक्षिण भारतातील घरांसाठी तेच काम करते. लंडनमधील वास्तुकार जॉन सोन यांच्या घरातली न्याहारीची खोली तर लहान घरात राहणाऱ्या प्रत्येकाने पाहावी. उथळ घुमट, त्यात बसवलेले फुगीर आरसे आणि घुमटाच्या कडेने वरून झिरपणारा उजेड यांनी ती खोली आहे त्यापेक्षा कितीतरी मोठी भासते. अशा ठिकाणी हवा तितका वेळ थांबता येते, आणि सकाळी पाहिलेली खोली दुपारी पुन्हा पाहता येते, ही सोय कुठल्याही निवासात सहसा नसते.

आता आपल्याकडे मागणे एवढेच. पर्यटनाच्या पानावर अंतर्भागाचे छायाचित्र छापताना त्याखाली चार गोष्टी द्याव्यात: खिडकीची दिशा, छताची उंची, छायाचित्र घेतल्याची वेळ आणि भिंतीचे व जमिनीचे साहित्य. जमल्यास हाताने काढलेला छोटा नकाशाही द्यावा, तो सुबक नसला तरी चालेल. लेखकांना ही माहिती जागेवरच नोंदवायला सांगितले, तर त्यांचे पाहणेही अधिक बारकाईचे होईल असे मला वाटते. जागेची अडचण असल्यास तीन छायाचित्रांऐवजी एकच छापावे, पण त्याखालची ही माहिती गाळू नये.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
गृहसजावटीच्या व्यवसायातील एक वाचक