बिल्डरला मिळते ती मुदतवाढ घर घेणाऱ्यालाही मिळावी : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली यांस

महोदया,

सविनय नमस्कार. मी आणि माझे यजमान दोघेही निवृत्त शिक्षक. वास्कोत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत आम्ही सत्तावीस वर्षे काढली. यजमानांचे गुडघे जिन्याला दाद देईनासे झाले तेव्हा 18 नोव्हेंबर 2021 रोजी आम्ही तो फ्लॅट विकला आणि जानेवारी 2022 मध्ये फोंड्याजवळ, मुलीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत 62 लाख रुपयांचा फ्लॅट घेण्याचा करार नोंदवला. करारात ताब्याची तारीख 30 जून 2024 अशी होती. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 54 नुसार राहते घर विकून झालेल्या भांडवली नफ्यावर (मालमत्ता विकून झालेल्या फायद्यावर) करातून सूट हवी असेल तर दोन वर्षांत तयार घर विकत घ्यावे लागते किंवा तीन वर्षांत बांधून घ्यावे लागते. आमची तीन वर्षे नोव्हेंबर 2024 मध्ये संपत होती, म्हणजे ताब्यानंतरही साडेचार महिने हाताशी राहत होते. एवढा हिशेब आम्ही नीट केला होता.

इमारत वेळेत झाली नाही. बिल्डरने रेरा प्राधिकरणाकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, अर्ज केला आणि त्याला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. ती कायद्याला धरूनच मिळाली, हे मला स्पष्टपणे मान्य आहे. रेरा कायद्याच्या कलम 6 मध्ये महापूर, चक्रीवादळ यांसारख्या आपत्तींसाठी मुदतवाढीची तरतूद आहेच, शिवाय बिल्डरचा कसूर नसताना वाजवी कारण दिसल्यास एकूण एक वर्षापर्यंत नोंदणी वाढवून देण्याचा अधिकारही प्राधिकरणाला आहे. गोव्यात चार महिने पाऊस बांधकाम अडवतो, कामगार गावी जातात, आणि इमारत उभी राहिली तरी नगरनियोजन खात्याचा पूर्णत्वाचा दाखला, आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला, वीजजोडणी आणि शेवटी पंचायतीची ऑक्युपन्सी (राहायला परवानगी देणारा दाखला), असा कागदांचा प्रवास शिल्लक राहतो. पंचायतीच्या कचेरीत दोरीने बांधलेली आमच्या इमारतीची फाईल मी तीनदा डोळ्यांनी पाहिली आहे. तिच्यात एक कागद कमी होता, तो आला तेव्हा दुसऱ्याची मुदत संपली होती.

हे सारे समजून घेता येते. समजत नाही ते एवढेच, की एका कायद्याने बिल्डरचे घड्याळ एक वर्ष मागे सरकवले, तर त्याच इमारतीसाठी, त्याच विलंबामुळे अडकलेल्या घर घेणाऱ्याचे प्राप्तिकराचे घड्याळ दुसऱ्या कायद्याने जागचे का हलू नये?

आमच्या बाबतीत नेमके काय झाले ते सांगते. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपूर्वी, जुलै 2022 मध्ये, नफ्यातली तोवर घरासाठी न वापरलेली रक्कम आम्ही नियमाप्रमाणे बँकेत 1988 च्या भांडवली नफा खाते योजनेत ठेवली. या खात्यातून पैसे काढणे सोपे नसते. अर्जात कशासाठी ते लिहावे लागते, काढलेली रक्कम साठ दिवसांत त्याच कामी वापरावी लागते, आणि आमच्या वेळी पंचवीस हजारांवरची रक्कम बँक आमच्या हाती न देता थेट बिल्डरच्या नावाच्या डिमांड ड्राफ्टने देत असे. प्रत्येक स्लॅबला ड्राफ्ट काढला, प्रत्येक हप्त्यावर एक टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या नावे आगाऊ कापायचा कर) कापून महिना संपल्यापासून तीस दिवसांच्या आत भरला, कारण तिथे एक दिवसाचा उशीर झाला तरी दिवसाला 200 रुपये शुल्क पडते. अखेरीस पासबुकात 6,20,000 रुपये उरले. हा दहा टक्क्यांचा शेवटचा हप्ता होता आणि तो ताब्याच्या वेळी द्यायचा असे करारात लिहिले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये ताबा नव्हता, म्हणून हप्ता देय नव्हता, म्हणून ती रक्कम खात्यातच पडून होती. कायद्याच्या भाषेत मात्र ती न वापरलेली रक्कम ठरली आणि तीन वर्षे पूर्ण झाली त्या वर्षाचे उत्पन्न म्हणून करपात्र झाली.

गोव्यातल्या दांपत्यांना प्राप्तिकर कायद्याचे कलम 5अ लागू होते, हे आपणांस ठाऊक असेलच. पोर्तुगीज नागरी संहितेतील समाईक मालमत्तेच्या पद्धतीमुळे आमचा भांडवली नफा पती आणि पत्नी यांच्या विवरणपत्रांत निम्मा निम्मा दाखवावा लागतो. त्यामुळे जुलै 2025 मध्ये माझ्या विवरणपत्रात 3,10,000 आणि यजमानांच्या विवरणपत्रात 3,10,000 अशी रक्कम लिहून आम्ही दोघांनी त्यावर कर भरला. ऑगस्टमध्ये ऑक्युपन्सी आली आणि तोच हप्ता बिल्डरला द्यायची वेळ आली, तेव्हा खाते बंद करण्यासाठी कर निर्धारण अधिकाऱ्यांच्या मंजुरीचा नमुना जी हाती पडेपर्यंत मुलीकडून उसने घ्यावे लागले. ज्या रकमेवर कर भरला ती रक्कम घरातच गेली. चवथीला नव्या घरात गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधताना यजमान जे गप्प होते, ते मी विसरू शकत नाही.

आता यावर न्यायालयात दाद मागता येते, असे कोणी म्हणेल. बांधकामात पैसे गुंतवले असतील तर ते मुदतीत पूर्ण न झाल्यानेच सूट नाकारता येत नाही, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने 2012 मध्ये कलम 54फ (घराव्यतिरिक्त इतर मालमत्ता विकून घर घेतल्यास मिळणारी सूट) च्या एका प्रकरणात म्हटले आहे. पण तो निर्णय कर्नाटकाचा आहे, आणि खात्यात उरलेल्या शेवटच्या हप्त्याचा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही. त्यासाठी अपील, मग पणजीचे प्राप्तिकर अपील न्यायाधिकरण, मग पर्वरीचे उच्च न्यायालयाचे खंडपीठ असा रस्ता आहे. सत्तरी गाठलेल्या माणसांनी तो चालावा अशी अपेक्षा कायद्याने ठेवू नये. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 1986 च्या परिपत्रक 471 मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाच्या स्वयंअर्थसाहाय्य योजनेतील सदनिका म्हणजे बांधकामच, वाटपपत्र मिळाले की हक्क मिळाला, ताबा घेणे हा उपचार, अशी उदार भूमिका घेतली होती, आणि 1993 च्या परिपत्रक 672 ने ती सहकारी संस्था व अन्य संस्थांच्या तशाच योजनांना लागू केली. खासगी बिल्डरच्या इमारतीत घर घेणाऱ्याला मात्र आपले घर दोन वर्षांच्या खरेदीत बसते की तीन वर्षांच्या बांधकामात, यावरही अधिकाऱ्याशी वाद घालावा लागू शकतो.

तरुणांची अडचण वेगळ्या कलमात आहे, पण मूळ एकच. माझ्या भाच्याने फेब्रुवारी 2019 मध्ये म्हापशातील फ्लॅटसाठी कर्ज घेतले. कलम 24(ब) नुसार कर्ज घेतले ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झाले तर व्याजाची 2,00,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते, नाहीतर ती 30,000 वर येते. त्याची पाच वर्षे 31 मार्च 2024 रोजी संपली आणि घराची किल्ली त्यानंतर सात महिन्यांनी मिळाली. जुन्या करपद्धतीत राहिलेल्या त्या मुलाची दरवर्षीची 1,70,000 रुपयांची वजावट त्या सात महिन्यांपायी गेली. विलंबाबद्दल बिल्डरकडून व्याज मागता येते हे खरे, पण ते व्याज या नुकसानीचे मोजमाप करत नाही.

मुदत वाढवणे आपल्या मंत्रालयाला अपरिचित नाही. गृहकर्जाच्या व्याजाची ही पाच वर्षे पूर्वी तीन होती, 2016 मध्ये ती वाढवली गेली. कोविडच्या काळात, 1 एप्रिल 2021 ते 28 फेब्रुवारी 2022 या काळात संपणाऱ्या कलम 54 ते 54गब च्या (भांडवली नफ्यावरील सवलतींच्या) मुदती 6 जानेवारी 2023 च्या परिपत्रकाने 31 मार्च 2023 पर्यंत पुढे नेण्यात आल्या. शेजारच्या महाराष्ट्रानेही 2020 मध्ये मुद्रांक शुल्कात सवलत दिली, तेव्हा 31 डिसेंबरपूर्वी शुल्क भरून सही केलेल्या दस्तांची नोंदणी पुढील चार महिन्यांत करता येईल असे ठरवले. माणसाने स्वतःच्या हातातले काम वेळेत केले आणि उरलेले कचेरीच्या हातात होते, एवढे तिथे ओळखले गेले.

सवलतीचा गैरवापर होईल ही शंका मंत्रालयाला येणे रास्त आहे, पण इथे त्याला वाव फार थोडा आहे. पैसे सरकारच्याच योजनेतील खात्यात असतात, आणि विलंब किती व का झाला हे रेरा प्राधिकरणाच्या आदेशात तारखेनिशी लिहिलेले असते. घर घेणाऱ्याच्या शब्दावर काहीही अवलंबून ठेवावे लागत नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की रेरा प्राधिकरणाने एखाद्या प्रकल्पाला मुदतवाढ दिली तर त्या प्रकल्पात घर नोंदवलेल्यांची भांडवली नफ्याची आणि गृहकर्जाच्या व्याजाची मुदत तितक्याच दिवसांनी आपोआप वाढेल, अशी तरतूद कायद्यातच व्हावी. करारानुसार ताब्याच्या वेळी देय असलेला हप्ता खात्यात शिल्लक असेल तर तो वापरलेलाच मानावा. बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील घर हे बांधकामच, हेही परिपत्रकावर न सोडता कलमात लिहावे. जुन्या कायद्यातील या मुदती प्राप्तिकर अधिनियम, 2025 मध्येही तशाच उतरल्या आहेत. येत्या वित्त विधेयकात ही दुरुस्ती करावी, आणि ज्यांची मुदत आधीच संपली पण ज्यांना त्यानंतर ताबा मिळाला आहे, त्यांना आपली विवरणपत्रे दुरुस्त करण्यासाठी एक वर्ष द्यावे.

आपली नम्र,
फोंडा, गोवा येथील एक निवृत्त शिक्षिका