दंड किती ते कळते, कबर कोणाची ते नाही

महोदय,
शिरपूर तालुक्यातील थाळनेरला तापीकाठी जुन्या कबरींचा समूह आहे. गावकरी त्याला ‘हजिरा’ म्हणतात. तिथल्या फलकावर संरक्षित स्मारकाचा कायदा, शंभर मीटरच्या आत बांधकामास मनाई, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, हे सगळे ठळक लिहिलेले. आत कोण पुरले आहे, याबद्दल चकार शब्द नाही. शेळ्या चारणाऱ्या एका पोराला विचारले, तर म्हणाला, “कोना तरी नवाबनी कबर शे.” त्याचे तरी काय चुकले?

हा ‘कोणी तरी नवाब’ म्हणजे खानदेशच्या फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा. फिरोजशहा तुघलकाने १३७०च्या सुमारास त्याला थाळनेरची जहागीर दिली आणि इथूनच त्याने स्वतंत्र राज्य उभे केले. १३९९ साली तो वारला. त्याचा मुलगा नसीरखान याने असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवले. पण १४३७ साली तो गेला तेव्हा त्याला बापाशेजारी, थाळनेरलाच आणून पुरले. पुढचे दोन राजेही इथेच आहेत. आपल्याकडची मंडळी गाड्या करून बुऱ्हाणपूर बघायला जातात. ते शहर वसवणारा माणूस आपल्याच तालुक्यात निजला आहे, हे त्यांच्या गावीही नसते.

यातली अष्टकोनी कबर तर मुद्दाम थांबून बघावी अशी आहे. दगडी भिंतीवरचे कोरीव काम जवळ जाऊन पाहिले की कारागिराचा हात किती बसलेला होता ते कळते. ते बघायचे सोडून लोक दाराशी सेल्फी काढतात आणि परत फिरतात. माहितीच नाही तर थांबणार कशाला?

माझी मागणी साधी आहे. चार राजांची नावे, सनावळी आणि कोणती कबर कोणाची एवढे मराठीत कोरलेला काळ्या दगडाचा फलक लावावा. रंगवलेला पत्रा नको, आपल्या उन्हात त्याचे पापुद्रे निघतात. क्यूआर कोड चिकटवूनही मोकळे होऊ नये. तिथे रेंज मिळेल तेव्हा खरे.

सुलतानांचे कौतुक कशाला, असे काही जण म्हणतील. त्यांनी जवळच्या किल्ल्याचेही नाव घ्यावे. जानेवारी १८१८च्या मंदसौरच्या तहात होळकरांनी हा मुलूख इंग्रजांना दिला, तरी फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्ल्यावरून गोळीबार झाला. दरवाजात दोन इंग्रज अधिकारी पडले. मग सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना त्याच दिवशी फाशी दिले. पुढे ब्रिटिश पार्लमेंटने हिस्लॉपचे आभार मानले, पण या फाशीला त्यात मान्यता दिली नाही. ज्यांच्या फाशीवर लंडनमध्ये चर्चा झाली, त्या तुळशीराम मामांच्या नावाने किल्ल्यापाशीही एक दगड हवाच.

निधीचे रडगाणे नको. गावच्या शाळांनी मजकूर तयार करावा, ग्रामपंचायतीने ठराव करावा; स्मारक संरक्षित असल्याने परवानगी तेवढी संबंधित खात्याने वेळेत द्यावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, शिरपूर (जि. धुळे)