डब्याचं एकदाच सगळं सांगतो

आई, बाबा, साष्टांग नमस्कार,

फोनवर आई रडायला लागली की मला काही सुचत नाही म्हणून लिहूनच पाठवतोय, ताईला सांगा वाचून दाखवायला. तब्येत मस्त, जेवतोय नीट. ऑफिसात लोकांना काढतायत पण त्यात माझी टीम नाही, बाबांनी बातम्या बघणं जरा कमी करा.

आता डब्याचं. आई, तू पंचवटीत बाळ्याच्या घरी काकूंकडे जाऊन आलीस आणि बाबांना म्हणालीस की पोरगं त्या गेलेल्या मित्राच्या नादाने जंगलात फिरतंय. तसं काही नाहीये गं. हा इथला खेळ आहे, जिओकॅशिंग, रिटायर झालेली माणसंसुद्धा खेळतात. एकजण डबा लपवतो, आत वही आणि पेन्सिल (पेन नाही, दमट हवेत शाई उमटत नाही), जागेचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकतो, मग बाकीचे मोबाइल घेऊन शोधत येतात, वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तिथेच परत ठेवतात. बस, एवढंच! बक्षीस नाही, काही नाही. आतली वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. आणि आजूबाजूला कुणी फिरायला आलेलं असलं तर तो जाईपर्यंत बुटाची लेस बांधायचं नाटक करायचं, हे मी स्वतः केलंय. आपल्याकडच्या रहाडीसारखं समजा, रंगपंचमीला उघडतात तो रंगाचा हौद, वर्षभर लोक वरून चालत जातात आणि खाली काय आहे ते ज्याला माहितीय त्यालाच माहितीय. सुरूही इथेच झालं. 2 मे 2000 ला अमेरिकन सरकारने जीपीएसमध्ये नेमकी जागा कळू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी पोर्टलंडजवळ बीव्हरक्रीकला एकाने काळी बादली पुरली, त्यात बीन्सचा एक डबापण होता म्हणे. आता खायचं ठेवायला बंदी आहे, वासाने जनावरं येतात, त्यामुळे आई चिवड्याचं पाकीट नाही ठेवता येणार. बाबा, बाळ्याने इथे लपवलेला आपला डबा लष्कराचा गोळ्या ठेवायचा जुना डबा आहे, रबरी सील असतं म्हणून पाणी शिरत नाही, आत गोळ्या नाहीत आणि जागेची परवानगी बाळ्यानेच काढली होती. पोलीस धरणार नाहीत.

मी का जातो तर डबा अजून बाळ्याच्याच नावावर आहे. मालकाने स्वतः दिल्याशिवाय साइटवाले दुसऱ्याच्या नावावर करत नाहीत आणि त्याने ते कधी केलं नाही, कशाला करेल, एवढ्यात जायचं थोडीच ठरवलं होतं त्याने. मग वही भिजली, झाकण मोडलं असं कुणी कळवलं आणि कुणीच बघितलं नाही तर ते पान कायमचं बंद होतं, त्याचं नाव, त्याने लिहिलेली रामकुंडाची गोष्ट, सगळं जुन्यात जमा. म्हणून मी वही बदलतो, गंज आला तर घासतो. भरलेली वही येणाऱ्या मित्राबरोबर पाठवतोय, काकूंना नेऊन दे. बरंचसं इंग्रजी आहे, ताईने शेजारी बसून सांगावं. एका लहान पोराने बाळ्याने ठेवलेला लाकडी बैल नेला आणि बदल्यात गोटी ठेवली, ते पान काकूंना नक्की दाखव.

आणि डब्यामुळे मी परत येत नाही असं काकांसमोर परत बोलू नकोस आई. डबा कुणालाही सांभाळायला देता येईल, इथे दोघंतिघं तयार आहेत. मी अजून दिला नाहीये एवढंच.

दिवाळीला जमणार नाही, व्हिसाच्या स्टॅम्पिंगची तारीख मिळत नाहीये आणि न घेता आलो तर तिकडेच अडकेन. रागावू नका. बाबांच्या मोतीबिंदूचे पैसे टाकलेत, चांगली लेन्स घ्या, स्वस्तातली बघत बसू नका. गंगापूर रोडच्या फ्लॅटचा हप्ता मीच भरणार, ताईने भरायचा नाही.

सिन्नरच्या मुलीशी बोललो. तू सांगू नको म्हणालीस तरी डब्याचं सांगितलं, ती हसली नाही, वही कुठल्या कागदाची असते ते विचारलं. मला बरी वाटली. पण लगेच हो म्हणून कळवू नका, आधी ती काय म्हणते बघू. आणि तिच्या मावशीला माझा नंबर कुणी दिला? त्या दुपारी अडीचला फोन करतात, इथे रात्रीचे दोन वाजलेले असतात.

तुमचा,
लहानू