सारायेव्होहून पत्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

ऑफिसच्या कामासाठी महिनाभर बोस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होत आहे. तब्येत बरी आहे, काळजी नसावी.

बाबा, परवा फोनवर बातम्यांवरून विषय निघाला तेव्हा तुम्ही म्हणालात, लढाईत सुक्याबरोबर ओलंही जळायचंच. ते काही डोक्यातून जात नाही. या गावात तर ओलंच नेम धरून पेटवलं होतं. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, बोस्नियाच्या सर्ब फौजेनं भोवतीच्या डोंगरांवरून शहर वेढून धरलं. २०१२ मध्ये इथल्या मोठ्या रस्त्यावर मेलेल्यांसाठी ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या. लेकरांच्या खुर्च्या बुटक्या.

मी भाजी आणते त्या मारकाले बाजारात ५ फेब्रुवारी १९९४ ला मॉर्टरचा एक गोळा पडला. एकच. ६८ माणसं गेली. रस्त्यांवर अशा गोळ्यांच्या काही खुणांत लाल राळ भरून ठेवली आहे. इथली माणसं त्यावरून रोजची ये-जा करतात. माझा पाय मात्र अजून अडखळतो.

घरमालकीणबाई तेव्हा शाळेत होत्या. नळ बंद, म्हणून बिअरच्या कारखान्यातून कॅन भरून आणायचे. तांदूळ धुतलेल्या पाण्यात कपडे, आणि तेच मग संडासात. आई, तुला हे नवीन नाही, बहात्तरच्या दुष्काळात माणमध्ये तुम्हीही हेच केलंत. पण तुझ्या हंड्यावर कुणी बंदूक रोखून बसलं नव्हतं गं.

बाबा, इथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती तुमच्याच मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, ले. जन. सतीश नंबियार. मार्च १९९३ पर्यंत ते होते. त्याच वर्षी मे महिन्यात सुरक्षा परिषदेनं सारायेव्हो ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलं. बाजारातला गोळा त्यानंतरचा! ठराव झाला, पण तो राखायला पुरेशी माणसं आणि मुभा कुणी दिली नाही. माझा राग त्यावर जास्त आहे.

नंतर हेगच्या युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयानं वेढा घालणाऱ्या फौजेचा सेनानी स्तानिस्लाव गालिच याला नागरिकांत दहशत पसरवल्याबद्दल दोषी धरलं. २००६ मध्ये अपिलात शिक्षा वाढून जन्मठेप झाली. म्हणजे ‘लढाईत व्हायचंच’ हे कायद्याला मान्य नाही. तुम्ही जवान होतात, पाण्याच्या रांगेतल्या बाईवर गोळी झाडण्याचा हुकूम तुम्ही मानला नसता, हे मला माहीत आहे. म्हणून तर तुमचं ते वाक्य जास्त लागलं.

एक विचारायचं आहे. युद्धात माणसांना कसं वागवायचं हे सांगणारे १९४९ चे जिनिव्हा करार आपल्या देशानं मान्य केले आहेत. पण नागरिकांवर हल्ला करायचा नाही, हे स्पष्ट मांडणाऱ्या १९७७ च्या पहिल्या जोडकरारात आपण अजून नाही. का नाही? तुमच्या माजी सैनिकांच्या बैठकीत विषय काढा. कुणी काय म्हणतं ते रविवारी फोनवर सांगा, आणि तुमचं स्वतःचं मतही.

आईनं गुडघ्याचं तेल संपवलं असेल तर मागवून घ्या.

तुमची,
सुमी